सरदारच्या घरचे बिनकांद्याचे पोहे

आमच्या थोरल्या साडूंइतक्या निष्ठेनं कुत्र्याचा स्वयंपाक करणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात सापडला, तर मी मिशा उतरवायला तयार आहे. मूळचे पिशोरचे हे शेतकरी गृहस्थ शहरात, उस्मानपुऱ्यात राहायला आले आणि लेकीच्या हट्टापायी त्यांनी सरदार नावाचा लॅब्राडोर पाळला. या सरदारनं एकदा परातभर कांदाभजी फस्त केली आणि तो मरता मरता वाचला. कांदा-लसूण म्हणजे कुत्र्याला विष, वजनही उतरवा, असं जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं आणि साडूंच्या घरातून कांदा हद्दपार झाला. शेजाऱ्यांना वाटलं, यांनी बारमाही चातुर्मास धरला. एक आजीबाई तर जिन्यात त्यांच्या पाया पडल्या. इकडं सरदारसाठी गाजर, घेवडा, लाल भोपळा, दुधी अशा भाज्या उकडायच्या, बारीक चिरायच्या. मीठ, तेल, मिरचीचं नाव नाही. दुधी कडू निघू नये म्हणून साडू गाड्यावरच प्रत्येकाचं टोक चावून बघत. भाजीवाला वैतागून म्हणाला, “चचा, खरीदने आए की नाश्ता करने?”

मग लेकीला बघायला पाहुणे यायचे ठरले. मुलगा पुण्यात नोकरीला, माणसं फर्दापूरची. फोटो बघूनच पोरगी हरखली होती, त्यामुळं अक्का, म्हणजे माझ्या बायकोची बहीण, हातघाईवर आली. “आजच्या दिवस तरी एक कांदा आणू द्या. पोह्यावर स्थळ मोडलं तर मी पिशोरला निघून जाईन.”

“पाहुणे दोन घास सांडून जातील,” साडू म्हणाले, “भोगायचं सरदारनं.”

अखेर पोह्यांत गाजर आणि घेवडा पडला. मुलाच्या आईनं चमच्यानं बशी उकरत विचारलं, “कांदा नाय व्हय टाकला?”

“आमच्या कुत्र्याला चालत नाय,” साडू अत्यंत अदबीनं म्हणाले.

बाईंनी बशी खाली ठेवली. मुलाचे वडील खोकायला लागले. अक्कानं डोळे मिटून घेतले, पोरगी फरशी मोजत बसली आणि मी निर्लज्जासारखा आणखी पोहे मागितले. तेवढ्यात मुलानं आपल्या बशीतला गाजराचा तुकडा उचलला, पाण्याच्या पेल्यात खळबळून धुतला आणि तळहातावर ठेवून सरदारपुढं धरला. “तेलामिठाचं नको ना त्याला,” तो म्हणाला. पोरीनं पहिल्यांदाच मान वर केली. साडू माझ्या कानाशी लागले, “पोरगं लई गुणाचं हाय.”

लेक आता पुण्यात असते. रोज संध्याकाळी साडू तिला फोन लावतात. “वैशे, तुझा सरदार दुधीला तोंड लावीना. तूच सांग बाई त्याला.” मग ती फोनवरून कुत्र्याला लाडीगोडी लावते आणि ओघानं, “पप्पा, तुम्ही काय खाल्लं?” असं विचारते. तिथून गप्पा लांबत जातात. परवा मी तिथंच बसलो होतो. फोन लावण्याआधीच सरदारनं भांडं चाटूनपुसून लख्ख केलं होतं. मी भांड्याकडं बघतोय हे साडूंच्या लक्षात आलं. बोलणं न थांबवता त्यांनी ते पायानं हळूच सोफ्याखाली सारलं.