नळीवाल्या बाई

श्रीगणेशाला आणि गोदामाईला वंदन करून, आमच्या आळीच्या नवरात्रोत्सवाच्या स्मरणिकेसाठी हे स्मरण लिहीत आहे.

"थुंका गुरुजी, लाजू नका." हे वाक्य उच्चारूनही आळीत आदरास पात्र झालेली व्यक्ती मी एकच पाहिली. वाचकहो, आपणही त्यांना पाहिले असेल: गळ्यात ओळखपत्र, खांद्याला बर्फाची पेटी, बोलणे पिंपळगावकडचे. तीव्र नैराश्य काही घराण्यांत पुन्हा पुन्हा का दिसते, त्याच्या खुणा जनुकांत सापडतात का, हे शोधणाऱ्या पथकासाठी त्या घरोघरी लाळ गोळा करीत.

नियम एवढाच, की आधी अर्धा तास काही खायचे-प्यायचे नाही. आळीने तो कसोशीने पाळला. मात्र शुभकार्य म्हणून प्रत्येकाने तीर्थ आणि तुळशीचे पान घेऊनच नळी हाती धरली; तीर्थाला खाणेपिणे कोण म्हणेल? बाईंनी हिरवे कण तरंगणाऱ्या नळ्या उजेडात धरल्या. "तुळशीला कुठलं नैराश्य, गुरुजी? तुमचंच द्या."

आमच्या घरी त्यांनी पूर्वजांविषयी विचारले. मी गोत्र आणि प्रवर सांगितले. "ऋषींचं राहू द्या. तुमच्या आई कशा होत्या?"

मातोश्री महिनोन्‌महिने भिंतीकडे तोंड करून पडून असत. माझा धाकटा भाऊही आतल्या खोलीत तसाच पडून होता. घरात याला स्वभाव म्हणत. भावजयीने बाईंना हळूच विनवले, की मुलीचे लग्न जमत आले आहे, हे कुठे लिहू नका.

बाईंनी समजावले, की नळीवर नाव नसते, आकडा असतो. शिवाय जनुक एक नव्हे, असंख्य, प्रत्येकाचा वाटा चिमूटभर. त्यावरून मुलीचे पुढे काय होईल, ते कोणालाच सांगता येणार नाही.

"मग शोधता तरी कशाला?" भावजय म्हणाली.

"आजार हाय म्हणून. स्वभाव असता तर कोण शोधत बसलं असतं?"

आतल्या खोलीचे दार उघडले. भाऊ उंबऱ्यात उभा होता. "आईला कोणी विचारलंच नाही," तो म्हणाला. "आणा ती नळी."

नळी आली, पण त्याच्या तोंडाला लाळ सुटेना. बाई शांतपणे कैरीच्या फोडींचे वर्णन करू लागल्या, मग तिखटमीठ लावलेल्या चिंचेचे. भावजयीने आवंढा गिळला, मीही उपरण्याने ओठ टिपले. आमची ती अवस्था पाहून भाऊ किंचित हसला, आणि नळी भरू लागली.

ही नळी म्हणजे औषध नव्हे, हे बाईंनी बजावून सांगितले. दुसऱ्या दिवशी त्या स्वतः भाऊ-भावजयीला डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. उपचारांचा गुण सावकाश आला. मध्ये काही दिवस तो पुन्हा आडवाही झाला.

इथले काम संपवून बाई सुरगाण्याकडे निघाल्या, तेव्हा निरोप घ्यायला आल्या. खुणा सापडल्या का, असे मी विचारले. "लय वर्षांचं काम हाय, गुरुजी," त्या म्हणाल्या.

भावाने आपणहून चपला घातल्या आणि तो त्यांना रिक्षापर्यंत सोडायला गेला. परतला तेव्हा हातात कोथिंबिरीची जुडी होती.

भावजयीने ती उलटसुलट करून पाहिली. "ही असली सुकलेली? डोळे कुठे होते तुमचे?"

इतकी वर्षे ती त्याच्याशी दबक्या आवाजातच बोलत आली होती. तो निमूटपणे कोथिंबीर निवडायला बसला.

वाचकहो, तुमच्याही घरी असे निर्धास्त रागावणे नांदो. जगदंबा तुम्हांस आणि तुमच्या कुटुंबास आरोग्य देवो.