भगीरथ पेंटरची निळी रेघ

भगीरथ राघो वेखंडे, जन्म १९५८, मृत्यू २०२४. राहणार किन्हवली, तालुका शहापूर. व्यवसाय पाट्या रंगविणे. मुरबाडच्या बाजारात त्यांचा गाळा होता आणि दोन्ही तालुक्यांतील दुकानांवर व देवळांवर एकेकाळी त्यांचीच अक्षरे दिसत. पुढे फ्लेक्स आले आणि गाळा बंद झाला. येथे सांगावयाची आहे ती त्यानंतरची हकीकत.

गाळा चालू होता तेव्हा बाजाराच्या दिवशी त्याच्या पायरीवर सिद्धगडाच्या पायथ्याची बारकी नावाची म्हातारी मध आणि हिरडा घेऊन बसत असे. गिऱ्हाईक नसले की ती आपल्या बोलीत रानातल्या गोष्टी सांगे आणि भगीरथ त्या तळहाताएवढ्या कागदांवर, चौकटी पाडून, पेन्सिलीने उतरवीत.

"माज्या नातवंडांना वाचाया यील असा कर रं," तिने एकदा बजावले.

"करतो," भगीरथ म्हणाले.

बारकी वारली. तिच्या गोष्टी दुसऱ्या कोणाला पुऱ्या येत नव्हत्या. त्या भगीरथांच्या कागदांवर तेवढ्या उरल्या. ठाण्याचा एक लहान प्रकाशक चित्रकथेचे पुस्तक काढण्यास तयार झाला, परंतु मोठ्या बोर्डांवर, शाईने पुरी केलेली चित्रे त्याला हवी होती. नेमका त्याच सुमारास भगीरथांच्या उजव्या हाताला कंप सुरू झाला. पाट्या रंगविताना हाताखाली धरायच्या काठीवर मनगट टेकून ब्रश ओढला तर रेघ अजून सरळ येई. पेन्सिलीचे बारीक काम मात्र बिघडे. चित्र मोठे करून पुन्हा काढावे, तर बारकीच्या गोष्टीतली पोरगी दर वेळी निराळीच दिसू लागे.

"ही पोर हाय का तिची सासू?" कमळने, त्यांच्या पत्नीने, बोर्ड पाहून विचारले.

त्यांनी तो बोर्ड भिंतीकडे तोंड करून ठेवला.

उपाय प्रकाशकाने सुचविला. जुने चित्र स्कॅन करावे, संगणकावर मोठे करून फिकट निळे करावे, तेच बोर्डावर छापावे आणि वरून शाई करावी. फ्लेक्सवाल्याच्या दुकानाची पायरी चढणार नाही, असे भगीरथ चारचौघांत बोलून चुकले होते. मुरबाडला ओळखीचे लोक हसतील, म्हणून ते एस.टी.ने शहापूरला मितालीकडे गेले. ती लग्नपत्रिका आणि फ्लेक्स छापी.

"काका, द्या इकडे, मी करून देते," ती म्हणाली.

"करून नको. शिकव."

"टाइम लागेल हां."

"लागू दे."

माऊस त्यांच्या हातात थरथरे, म्हणून ते तो डाव्या हाताने धरू लागले. लेयर म्हणजे एकावर एक ठेवलेल्या काचा, असे मितालीने समजाविले. ते त्यांना रंगाच्या हातांसारखे वाटले आणि पटकन उमगले. सेव्ह करणे मात्र ते विसरत.

"गेलं ना परत? काका, तुमी पाटी रंगवून रस्त्यात सोडून जायचे का?"

"पाटी आपोआप पुसत नसे, बाई," ते म्हणाले आणि पुन्हा पहिल्यापासून बसले.

अखेर पहिला बोर्ड छापून निघाला. पोरगी तीच होती. बारकी समोर बसून सांगत असताना उतरलेली. घरी येऊन त्यांनी काठी टेकली आणि पान शाईने पुरे केले. मग जन्माच्या सवयीने ओले फडके घेतले. भिंतीवर अक्षरे काढताना ते नीळ लावलेल्या दोरीने रेघा मारीत आणि अक्षरे वाळली की त्या ओल्या फडक्याने पुशीत. रेघ उघडी ठेवणारा पेंटर त्यांच्या लेखी पेंटरच नव्हता. येथे छापील निळी शाई सुटली, तिने काळीलाही ओढून नेले आणि पोरीच्या तोंडावर डाग पसरला.

"बरी व्हती वो ही," कमळ हळूच म्हणाली. त्या दिवशी तिने थट्टा केली नाही.

दुसऱ्या दिवशी भगीरथ तो बोर्ड काखेत घेऊन पहिल्या गाडीने शहापूरला पोहोचले.

"पुसलंत? अहो काका, निळा तसाच ठेवायचा! शेवटी पान स्कॅन केलं की तो कॉम्प्युटरमधेच काढून टाकायचा."

"म्हणजे बोर्डावर रेघ उघडी ठेवायची?"

"हो."

ते खुर्ची ओढून संगणकापुढे बसले. नंतर म्हणाले, "तो निळा कसा काढायचा, तेही शिकव. छापायच्या आधी मी माझ्या हाताने काढीन."

तेही ते शिकले. पुढे घरात उघड्या निळ्या रेघांचे बोर्ड वाढत गेले. कोणी पाहुणा आला की भगीरथ त्यांवर चादर टाकीत. शाई करणे मात्र थांबले नाही. कंप वाढला तेव्हा कमळ बोर्ड दोन्ही हातांनी दाबून धरू लागली.

शेवटच्या गोष्टीचे बोर्ड छापून आले होते. त्यांना शाई लागण्यापूर्वी भगीरथ गेले.

ते दुसऱ्या चित्रकाराकडून पुरे करून घेण्याची प्रकाशकाची तयारी होती. कमळने नकार दिला. "बारकीनं यांना सांगितलं व्हतं. दुसऱ्याचा हात नाय लागायचा." अखेर असे ठरले की तेवढ्या पानांवरचा निळा काढू नये, ती आहेत तशीच छापावीत. मितालीने ती प्रकाशकाकडे पाठविली. पुस्तकाच्या प्रती कमळने स्वतः नेऊन बारकीची लेक राही हिच्या हाती दिल्या आणि राहीची मुले त्या वाचतात. शब्द पाळला गेला. शेवटच्या गोष्टीची शाई तेवढी द्यायची राहिली.