दामोदरपंतांचा जबडा

माईक बंद करायला विसरू नये. निदान हॅलोवीनच्या संध्याकाळी तरी नाहीच. मी विसरले होते, आणि त्याची शिक्षा म्हणून समोरच्या घरातल्या प्रधानवहिनी दिवाळीपर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत.

तेव्हा मी नुकतीच रिटायर झाले होते. इथे अमेरिकेत, नोव्हाय गावात, गाड्यांच्या सीट पुढे-मागे करणाऱ्या मोटर्स तपासण्यात माझी सगळी नोकरी गेली. आता काय करायचं, म्हणून गॅरेजमध्ये बसून बोलणारी कवटी बनवली. प्लॅस्टिकची कवटी, खालचा जबडा बिजागरीवर, मागे बोटभर मोटर. आवाज दोन वाटांनी जातो – एक स्पीकरकडे, दुसरी मोटरकडे. आवाज चढला की जबडा मोठा उघडतो, थांबला की मिटतो. बस, एवढीच अक्कल त्याला. अंगात काळा कोट घातला, डोक्यावर पगडी ठेवली आणि नाव दिलं दामोदरपंत.

दामोदरपंत पुढच्या अंगणात, मी स्वयंपाकघरात माईक घेऊन. कँडी मागायला आलेल्या पोरांशी पंत माझ्या आवाजात बोलायचे. त्या पहिल्याच वर्षी मी मध्येच नवऱ्याला म्हणाले, "अहो, त्या प्रधानवहिनींनी हडळीचा कॉस्च्युम विकत कशाला घेतला हो? घरात होत्या तशाच यायचं की!"

वहिनी त्या क्षणी पंतांसमोर उभ्या होत्या. हातात माझ्यासाठी आणलेला चिवड्याचा डबा. आणि पंतांनी ते वाक्य जबडा चांगला वासून, शब्द न् शब्द म्हणून दाखवलं…

त्यानंतर मी माईक कापूनच टाकला. तेव्हापासून पंत फक्त मेमरी कार्डवर भरलेलं बोलतात, तेही मी बटण दाबल्यावर. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आणि हो – भुताखेतांच्या अनुभवांवर माझा कधीच विश्वास नव्हता. तिशीतली मी तर भिशीत कोणी भुताची गोष्ट काढली की मध्येच विचारायचे, "वायरिंग चेक केलंत का?" बायका मला टाळायच्या. त्यांच्या जागी मी असते तर मीही मला टाळलं असतं.

तर, गेल्या हॅलोवीनची गोष्ट.

त्या एप्रिलमध्ये वसंतरावांना, म्हणजे आमच्या ह्यांना, स्ट्रोक झाला. हात-पाय बऱ्यापैकी सावरले, वॉकर घेऊन चालायला लागले, पण बोलणं गेलं. सगळं कळायचं, शब्द मात्र येत नव्हता. आयुष्यभर घरात कुठूनही "शाऽलिनीऽऽ" अशी हाक मारणारा माणूस. 'शा' मोठा, 'लि' गिळलेला, आणि 'नी' मी येईपर्यंत लांबवलेला. वैताग यायचा मला त्या हाकेचा. आता घर असं गप्प होतं, की फ्रिज सुरू झाला तरी दचकायला व्हायचं. स्पीच थेरपिस्टने एक पितळी घंटी द्यायला सांगितलं होतं, काही लागलं तर वाजवायला. गिळायलाही त्रास होता, म्हणून खाणं सगळं मऊ, आणि मी समोर बसून.

हॅलोवीनला मी बाहेर बसणारच नव्हते. पण ह्यांनी वॉकरने पंतांचं खोकं ढकलत ढकलत माझ्यासमोर आणलं. मग काय!

उजेड होता अजून. ह्यांना फॅमिली रूममध्ये रिक्लायनरवर बसवलं, घंटी हाताशी ठेवली, आणि मी पुढच्या अंगणात पंतांशेजारी कँडीचा बाऊल घेऊन बसले. फॅमिली रूम घराच्या मागच्या अंगाला, तिथून पुढचं अंगण दिसत नाही. प्रधानवहिनी शेजारी खुर्ची टाकून बसल्या होत्या. आता आम्ही घट्ट मैत्रिणी आहोत, टोमणे मात्र चालू असतात. कँडी संपत आली तशी त्या आणखी आणायला समोर आपल्या घरी गेल्या. जाता जाता म्हणाल्या, "शालिनीताई, माईक बंद आहे ना? नाहीतर माझ्यामागे सुरू व्हाल!"

त्या गेल्या, आणि पंतांचा जबडा हलला.

मी बटण दाबलं नव्हतं. स्पीकरमधून आवाज नव्हता. नुसते दात… खट्. खट् खट्.

वायर ढिली झाली की मोटर थरथरते, ते मला माहीत आहे. लटपट लटपट करते नुसती. हे तसं नव्हतं. जबडा पूर्ण उघडायचा, थांबायचा, मिटायचा. मी आवाजाची केबल उपटून काढली. आता मोटरकडे काही जायला वाटच नव्हती.

जबडा उघडला. मिटला. परत उघडला.

समोर निळ्या फ्रॉकमधली एक परी पिशवी धरून उभी होती. पाच-सहा वर्षांची असेल. ती पंतांकडे बघत म्हणाली, "आजी, इज ही ओके?"

"ही इज फाइन, बेटा. ओल्ड मॅन, यू नो," मी हसत म्हणाले, तिच्या पिशवीत चॉकलेट टाकलं आणि दुसऱ्या हाताने पंतांचा जबडा खालून दाबून धरला. चालू जबडा हाताने धरू नये, मोटर जळते – हे मीच सगळ्यांना बजावते. पण लाज वाटली हो, आपलंच यंत्र आपलं ऐकत नाही म्हणून.

परी गेली. तळहाताखाली मोटर घूंऽ करत होती. जबडा हाताला ढकलत होता. एकदा जोरात. मग जेमतेम. मग जोरात, आणि तसाच ढकलत राहिला… पुन्हा तेच. जोरात, जेमतेम, जोरात आणि लांब.

माझ्या हाताला ती हाक कळली. डोक्याला नंतर.

मी बाऊल टाकून आत धावले. घंटी रिक्लायनरखाली पडली होती. शेजारच्या टेबलावर कँडीची फोडलेली पिशवी, मीच विसरलेली, आणि टॉफीचा एक रिकामा कागद. हे गळा धरून वाकडे बसले होते. ओठ निळसर. तोंड उघडत होतं, मिटत होतं, आवाज अजिबात नाही.

कंपनीत शिकवलेलं तेवढं आठवलं. पुढे वाकवून पाठीवर थापा मारल्या. काही होईना. मग मागून मिठी घालून पोटावर आत-वर दाबलं. एकदा, दोनदा, किती वेळा देव जाणे. टॉफी उडून गालिच्यावर पडली, आणि ह्यांनी श्वास घेतला. मग ९११ला फोन करून अँब्युलन्स बोलावली.

मुलगा म्हणतो, इंटरफिअरन्स असेल, शेजारच्यांचं कुठलं तरी रिमोट. मी सगळं उघडून तपासलं. मोटर ठीक, वायरी ठीक. तिशीतली मी असते, तर आणखी दहा कारणं सांगून सगळ्यांना गप्प केलं असतं. आज माझ्याकडे एकही नाही. जबडा दाबून धरला होता हे मी कोणाला सांगितलंही नाही, मुलाला नाही आणि वहिनींना तर नाहीच. पंतांनी मला बोलवलं आणि मी त्यांना गप्प केलं, हे सांगणार तरी कसं?

हिवाळ्यात ह्यांचे शब्द परतायला लागले. आधी "पाणी", मग "चहा", मग माझं नाव. एका दुपारी बाहेर बर्फ पडत होता आणि मी गॅरेजमध्ये पंतांच्या बिजागरीला तेल देत होते. हे वॉकर घेऊन दारात आले. बराच वेळ त्या जबड्याकडे बघत राहिले. मग एकेक शब्द शोधत, स्ट्रोकनंतरचं पहिलं अख्खं वाक्य बोलले –

"शालिनी… मी हाका मारत होतो… तेव्हा तू माझं तोंड… का दाबून धरलंस?"