रेच्यावरची हिरवी चिंधी

"मी नाई सोडत गाठ."

"मावशे, सोड म्हणतो ना! मशीन चालू करायची हाय."

"कर ना मंग. चिंधी का तुह्या मशीनचा गळा दाबून राहिली?"

कवडू मुकादमाने कपाळावर हात मारला. पांढुर्ण्याच्या कापसाच्या जिनात हंगामाचा पहिलाच दिवस. बाया सरकी काढायच्या आपापल्या रेच्यापाशी गुमान उभ्या. भांडत होती ती एकटी जयवंता.

हंगाम संपला की प्रत्येक बाई आपल्या रेच्याला लुगड्याची चिंधी बांधून जायची. दिवाळीनंतर परत आली की जिची चिंधी तिचा रेचा. दुसरीच्या गाठीला हात लावायचा नाही, मुकादमानेही नाही. जयवंताची हिरवी चिंधी तेल पिऊन काळी पडली होती. नवरा गेल्यावर लेकाला तिने याच रेच्यावर कापूस घालून वाढवला. आता तो लेक तापाने पडून होता.

यंदा मालकाचा नवाच हुकूम होता. रोज सकाळी फाटकावर उभं राहायचं, मुकादम बोट दाखवील ती आत. आणि त्याआधी प्रत्येकीने आपली गाठ आपल्या हाताने सोडायची. म्हणजे मालकाने काढलं, असं उद्या कोणी म्हणायला नको.

"कामगारायचा साहेब काय बोलला होता, कवडू? इथंच उभा राहून म्हणे, जुन्या बायायले पयले घ्या. भुलला?"

"थो नागपूरचा साहेब, मावशे. राज्य नवे झाले, नागपूर गेलं मुंबईकडे. आपण राहलो मध्यप्रदेशात. आपलं सरकार आता भोपाळले."

"मंग भोपाळचा साहेब बोलाव."

"तुह्या वळखीचा असन तं तूच बोलाव!"

दोघी-तिघी हसल्या. मग त्यांनीच हसू आवरलं.

कवडूचा आवाज उतरला. "माह्यावर काहून चिडून राहिली? मीबी आता रोजीवरच हाय. मालकाले जवान हात पायजे. तुह्या सुनेले घेतो आज. पण गाठ सुटली पायजे."

दारात उभी असलेली विजया दचकली. "मी नाई उभी राहत आत्याबाईच्या जागी."

"काहून?" जयवंता तिच्यावरच उसळली. "घरी काय शिजवशीन, गोटे?"

"थे जागा तुमची हाय."

"जागा खाता येते काय, बाई?"

इंजिन धडधडलं. जयवंता खाली वाकली. तेलाने गाठ दगड झालेली, बोटांना दाद देईना. तिने दात लावले. हिसका दिला. चिंधी सुटली.

मागे एकेक पाठ आपापल्या गाठीवर वाकत गेली. कोणी कोणाकडे पाहिलं नाही.

विजया रेच्यापाशी आली आणि पुढ्यातला कापूस घालू लागली. जयवंताने सवयीने तिच्या पदराची किनार टर्रकन फाडली, रेच्याच्या दांड्याला गुंडाळू लागली. कवडूने तिचं मनगट धरलं.

"नाई मावशे. आता कोणीच बांधायची नाई."

"अन् हिचं उद्या?"

"उद्या फाटकावर. माह्या नजरेत आली तं आली."

जयवंताने सुनेकडे पाहिलं. विजयाची मान खाली होती, हात चालू होते. केसांवर रुईचे तंतू बसायला लागले होते.

"तूबी येजो," कवडू म्हणाला. "झाडझूड असली तं पाहू. येशीन ना, मावशे?"

जयवंता तोंडातलं तेल थुंकली आणि दोन्ही चिंध्या मुठीत घेऊन फाटकाबाहेर निघून गेली.