घोड्यावर एकटी नवरी

भावांनो, दुपारपासून डोकं ठिकाणावर न्हाई, म्हणून इथं लिहून राह्यलो.

कॉलेज अर्ध्यात सोडल्यापासून मी लोकांच्या घरात भिंतींवर वारली चित्रं काढतो. आज जाफराबादला जिच्या घरी काम होतं, तिच्यावर माझं कॉलेजपासून प्रेम आहे. तिला ते माहीत आहे, तिच्या आईला न्हाई.

हॉलची भिंत गेरूनं रंगवून झाली तशा काकू म्हणल्या, "लग्नाचं चित्र काढ बाबा. घोड्यावर नवरा-नवरी, भोवती वऱ्हाड. उद्या हिला बघायला पाहुणे येणारेत, भिंत कशी भरलेली दिसली पाहिजे."

मी वऱ्हाड काढलं, घोडा काढला, त्यावर नवरी बसवली. नवरदेव म्हणजे दोन त्रिकोण आन् एक डोकं, मिनिटाचं काम. पण हातच चालेना.

"नवरदेव कुठंय रे?" काकूंनी विचारलं.

"हे वाळू द्या काकू, सकाळी येऊन काढतो."

ती चहा घेऊन आली. भिंतीकडं बघत हळूच म्हणली, "आईशी बोलायचं सोडून भिंतीवर कसला राग काढून राह्यलास?"

माझं टाळकं सरकलं. चहा तसाच ठेवून निघालो. घरी आल्यावर कळलं, तिचं बराबर आहे.

पाहुण्यांच्या आधी मला तिथं जायचंय. काकूंसमोर ब्रश उचलू की तोंड उघडू? ज्यांनी असं कधी बोलून दाखवलंय त्यांनीच सांगा. "धीर धर" लिहिणाऱ्याला ब्लॉक करीन.