मानेवरची शीर

नर्स म्हणून बारा वर्षं काम केल्यावर मी रुग्ण तपासायला नव्यानं शिकत होते. पाय सुजलेल्या शेवंताबाईंना मी विचारलं, "दम लागतो का?" त्या "नाही" म्हणाल्या. मी तसंच लिहिलं.

मग शिकवणाऱ्या मॅडम स्टूल ओढून त्यांच्याजवळ बसल्या. "मावशी, रात्री झोपता कशा?" एवढंच विचारून त्या थांबल्या.

शेवंताबाई म्हणाल्या, "भिंतीला टेकून. आडवं झालं की जीव गुदमरतो बाई."

मॅडमनी त्यांची मान हळूच वळवली. कानाखाली रक्त तुंबून फुगलेली एक शीर थरथरत होती. थकलेलं हृदय तिथं उघड्यावर बोलत होतं आणि सकाळपासून मी त्याच्यासमोर उभी होते.

हृदयाची औषधं सुरू झाल्यावर पाचव्या दिवशी शेवंताबाई आडव्या होऊन गाढ झोपल्या होत्या. नाडी बघायला मी मनगट धरलं आणि त्यांचा संथ श्वास बघत मोजायचंच विसरले.