वर्षाचा रोज मोडणारा प्रोग्राम

वर्षा पाटील उधन्याच्या कामगार वस्तीत लहानाची मोठी झाली. वडील भटू कापड विणायच्या लूमवर कामाला, आई सरलाबाई घरी बसून साड्यांना लेस लावणारी. बी.कॉम. झाल्यावर वर्षा पर्वत पाटिया भागात महेशशेठच्या पेढीत लागली. शेठ साड्या ऑनलाइन विकत. दुसऱ्या विक्रेत्यांच्या कुठल्या साड्या खपतात, कोणता रंग संपला, हे वेबसाइटवर बघून उतरवायचं, हे तिचं काम.

उतरवून उतरवून ती वैतागली. मग व्हिडिओ बघत पायथन शिकली आणि एक छोटा प्रोग्राम लिहिला. तो एकेक पान आपणच उघडायचा आणि सगळी माहिती एक्सेलमध्ये भरायचा. शेठ खूश झाले. वर्षाच्या डोक्याचा ताप मात्र तिथूनच सुरू झाला.

वेबसाइटवाल्यांनी पानाची मांडणी जरा हलवली, की प्रोग्राम रिकामी फाइल द्यायचा. रंगांचा तर नुसता घोळ. एकाच गुलाबीला कोणी राणी लिही, कोणी रानी, कोणी मजेंटा. ते सगळं एका नावाखाली आणावं, तोवर कुणीतरी चौथंच नाव काढलेलं असे.

"गई काले तो चालतुं हतुं ने!" शेठ रोज गुजरातीत म्हणत; काल तर चालत होतं, मग आज काय झालं?

"शेठ, वेबसाइट त्यांची आहे. ते बदलतात, मला विचारून नाही बदलत."

"पण बटण तर एकच दाबायचं असतं ना, वर्षाबेन?"

ती स्क्रीनकडे वळून मोडलेली ओळ शोधायला लागायची.

दिवाळीच्या आधी मोठा घोटाळा झाला. पानं माणूस नाही, प्रोग्राम उघडतोय हे वेबसाइटने ओळखलं, आणि त्याला अडवायचं सोडून ती जुनीच पानं दाखवत राहिली. फाइल भरलेली दिसत होती, म्हणून कुणाला शंका आली नाही. 'रामा रंग संपतोय' असं वाचून शेठनी ढीगभर माल त्या निळसर हिरव्या रामा रंगात बनवून घेतला. प्रत्यक्षात त्याची मागणी कधीच ओसरली होती. गठ्ठे पेढीत पडून राहिले.

"तुझ्या मशीनने बुडवलं मला," शेठ सगळ्यांसमोर ओरडले.

"माल काढण्याआधी एकदा डोळ्यांनी बघा, असं मी किती वेळा सांगितलं!" वर्षाचाही आवाज चढला.

घरी आल्यावर आईने अहिराणीत विचारलं, "व्हयनं का वं तुनं काम?"

"ते कधीच होत नाही, आई." ती न जेवताच झोपली.

दुसऱ्या दिवशी तिने प्रोग्राम बदलला. पान जुनं वाटलं की तो थांबायचा आणि लिहायचा, 'आज खात्रीची माहिती नाही.' शेठ भडकले. "'नाही' ऐकायला पगार देतो का?" त्यांनी ते काम कुंदन नावाच्या एका ओळखीच्याला दिलं. "एकदाच करून देतो, पुन्हा बघायलाच नको," तो म्हणाला. दिवाळीनंतर त्याचाही प्रोग्राम बंद पडला, आणि कुंदन फोन उचलेना.

मग एका सकाळी शेठनी लॅपटॉप तिच्यापुढे सरकवला. माफी नाही, काही नाही. "जरा बघ ना."

"बघते. पण प्रोग्राम 'नाही' म्हणाला, तर तुम्ही मोबाईलवर स्वतः बघायचं. कबूल?"

"ठीक छे," शेठ म्हणाले.

वर्षाने कुंदनचा प्रोग्राम उघडला, आणि पहिल्याच ओळीवर कपाळाला हात लावला. ती तिच्याच जुन्या, न थांबणाऱ्या प्रोग्रामची नक्कल होती.